कागदावर वर्धा लहान होतंय, मग सांडपाण्याचा हिशेब कुणाचा धरायचा?

मागच्या दिवाळीत घरी गेलो होतो. आमचं घर वर्ध्याला लागूनच असलेल्या एका लेआउटमध्ये आहे. चालत गेलं तर दहा मिनिटांत शहर, पण नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. पाहुणे आलेले, आणि नेमकी त्याच दिवशी सेप्टिक टँक भरून अंगणात वर आली. बाबांनी टँक उपसणाऱ्या गाडीवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "काका, दोन दिवस थांबा, तुमच्याकडूनच चार फोन येऊन राहिले." दोन दिवसांनी गाडी आली, मोटर लागली, अर्ध्या तासात काम झालं. निघताना मी सहज विचारलं, हे सगळं नेऊन कुठे ओतता? तो हसला आणि म्हणाला, "लांब."

त्या "लांब"मुळे हा लेख लिहितोय. एरवी आपण इथे फोन, ॲप, डेटा यांबद्दल बोलतो. हाही डेटाचाच विषय आहे, फक्त डेटा फ्लश केल्यानंतरचा आहे.

आधी एक आकडा बघा. २००१च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या साधारण १ लाख ११ हजार होती. २०११च्या जनगणनेत ती १,०६,४४४ झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढली नाही, साडेचार हजारांच्या आसपास घटली. आता वर्ध्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, शहर लहान होतंय का? तो तुम्हाला वेड्यात काढेल. नागपूर रोडने जा, यवतमाळ रोडने जा, जिकडे तिकडे लेआउटच्या पाट्या, फ्लॅट स्कीम, मंगल कार्यालयं. मग आकडा खोटा आहे का? आकडा खरा आहे. फक्त तो ज्या रेषेच्या आत मोजलाय, ती रेषा जुनी आहे.

लोक गेले कुठे, तर रेषेपलीकडे. सिंदी मेघे, बोरगाव मेघे, पिपरी मेघे, सावंगी मेघे, नालवाडी, म्हसाळा. (बाहेरच्या वाचकांसाठी: सिंदी मेघे वेगळं आणि ड्राय पोर्टमुळे बातमीत असणारं सिंदी रेल्वे वेगळं. गोंधळ नेहमी होतो.) शहरात प्लॉट मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून माणूस एक किलोमीटर पुढे सरकतो. पत्ता बदलतो, कारभार ग्रामपंचायतीकडे जातो. पण नोकरी, शाळा, बाजार, दवाखाना वर्ध्यातच. यातल्या काही गावांना जनगणना खातं "जनगणना शहर" म्हणतं. म्हणजे वस्ती शहरासारखी, लोक शेतीवर जगत नाहीत, पण कारभार मात्र गावाचाच.

विश्वास बसत नसेल तर फोनवर गुगल अर्थ उघडा आणि जुन्या उपग्रह चित्रांची सोय वापरा. वर्धा शोधा, पंधरा-वीस वर्षं मागे जा आणि हळूहळू पुढे या. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या गावाच्या जागेवर आखलेलं जुनं शहर मधे जवळपास तसंच राहतं आणि भोवतीची शेतं एकेक करून छपरांची होत जातात. इस्रोच्या भुवनवरही हे बघता येतं, जरा संथ चालतं एवढंच.

प्लांट किती मोठा, हे ठरतं कसं?

शहराचं सांडपाणी मोजायचं एकक आहे एमएलडी, म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. भारतात शहरांसाठी मलनिस्सारणाची आखणी करताना केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेची नियमपुस्तिका वापरतात. तिचं ढोबळ गणित तुम्ही गुगल शीट्समध्ये पाच मिनिटांत करू शकता. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं. त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं मानायचं. म्हणजे माणशी १०८ लिटर. २०११च्या १,०६,४४४ लोकांना १०८ने गुणलं की उत्तर येतं साधारण साडेअकरा एमएलडी. रोजचे एक कोटी पंधरा लाख लिटर.

पण पाणी दिवसभर सारखं येत नाही. आयपीएलच्या शेवटच्या षटकात सगळे एकदम मॅच लावतात आणि नेट अडकतं, तसं सकाळी साडेसहा ते नऊ सगळं शहर एकदम आंघोळ करतं. सरासरीने सेकंदाला १३३ लिटर येणारं पाणी त्या वेळी सव्वादोन पट धरतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० लिटर. सव्वादोन हा आकडा पुस्तिकेतलाच, ५० हजारांपासून साडेसात लाखांपर्यंतच्या वस्तीसाठी. वस्ती लहान तर पट जास्त, कारण लहान गावात सगळ्यांची सकाळ एकाच वेळी होते. पाइप या गर्दीच्या वेळेसाठी आखायचा असतो, सरासरीसाठी नाही.

आणि आजच्या गर्दीसाठीही नाही. गटाराची वाहिनी ३० वर्षांसाठी आखतात. पंपांची यंत्रं १५ वर्षांसाठी. प्रक्रिया केंद्राची जागा सुरुवातीलाच पूर्ण घ्यायची, पण बांधकाम टप्प्याटप्प्याने करता येतं. फोनच्या भाषेत सांगायचं तर वाहिनी म्हणजे मदरबोर्ड. बॅटरी बदलता येते, मेमरी कार्ड टाकता येतं, मदरबोर्ड बदलायचा म्हणजे फोनच उघडायचा. इथे फोन उघडणं म्हणजे रस्ते खोदणं. वर्ध्याच्या लोकांना ते काय असतं हे सांगायला नको. २०१५मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत अभियानात वर्धा होतं आणि त्यातून भुयारी गटाराची योजना आली, तेव्हाच्या धुळीचे आणि चिखलाचे व्हिडिओ अजून बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतील.

"मग सरळ मोठा पाइप टाका ना, कटकट मिटली!" हे मला माझ्या चुलतभावाने सुनावलं. तेही चालत नाही. गटाराच्या वाहिनीत पंप नसतो, पाणी उताराने वाहतं. आणि ते निदान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने वाहिलं तरच वाळू आणि मैला सोबत नेतं. फार मोठ्या पाइपात थोडंसं पाणी सोडलं की ते पसरून संथ होतं, गाळ खाली बसतो, सडतो आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तोच तो सडक्या अंड्यांचा वास. तो काँक्रीटही खातो आणि चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाचा जीवही घेतो. म्हणजे कमी धरलं तर रस्त्यावर येतं, जास्त धरलं तर आत सडतं. मधला आकडा सापडणं हीच खरी इंजिनिअरिंग.

आता तो मधला आकडा वर्ध्यासाठी शोधू

तीस वर्षांनंतरचे लोक किती, हे काढायच्या पद्धती पुस्तिकेत दिलेल्या आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे मागच्या दशकांत जेवढा फरक पडला तेवढा पुढेही पडेल असं धरायचं. मी शीटमध्ये ते केलं. २००१ आणि २०११चे वर्ध्याचे आकडे टाकले आणि सूत्र खाली ओढलं. २०५१ मध्ये लोकसंख्या आली साधारण ८८ हजार. सांडपाणी साडेनऊ एमएलडी.

म्हणजे सूत्र म्हणतंय, प्लांट लहान बांधा.

कुठलाही शहाणा इंजिनिअर हे उत्तर असंच स्वीकारणार नाही, तो वाढ धरूनच चालतो. पण कुठली वाढ, किती, आणि कुठल्या गावांची, हा प्रश्न सूत्रातून सुटत नाही. म्हणून मी शीटमध्ये दुसरा रकाना केला. हा आकडा माझा मनाचा आहे हे आधीच सांगतो: समजा शहराला चिकटलेल्या गावांत मिळून ७० हजार लोक आहेत. आज त्यांचं सांडपाणी, तेच १०८ लिटर धरून, साडेसात एमएलडी. वर्षाला २ टक्के वाढ धरली तर ३० वर्षांनी ते होतात जवळपास १ लाख २७ हजार आणि सांडपाणी १३.७ एमएलडी. २च्या जागी ३ टक्के टाकले तर लोक १ लाख ७० हजार आणि सांडपाणी १८.३ एमएलडी. एका टक्क्याचा फरक, आणि रोजचे ४६ लाख लिटर जास्त. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजचे ४६० टँकर.

हे माझे आकडे चुकीचे ठरू शकतात, आणि मुद्दा तोच आहे. हद्दीच्या आतलं गणित दशांशापर्यंत बरोबर केलं तरी हद्दीबाहेरचा एक अंदाज सगळं उलटंपालटं करतो.

अजून एक गोष्ट या रकान्यात बसत नाही. सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, हिंदी विश्वविद्यालय, हॉस्टेलं. मोठ्या रुग्णालयात माणशी १३५ लिटर धरत नाहीत, खाटेमागे ४५० लिटर धरतात. आणि पेशंटसोबत आलेले दोन-दोन नातेवाईक कुठल्याच गावच्या यादीत नसतात. ते चंद्रपूरचे असतात, यवतमाळचे असतात, वापरतात मात्र इथलं संडास-बाथरूम. समृद्धी महामार्ग आला, वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा कळंबपर्यंतचा तुकडा २०२४ मध्ये सुरू झाला. याने किती लोक येतील ते कुणी छातीठोकपणे सांगू नये, पण शून्य येतील असं मानणंही धाडसाचंच.

रेषा पाणी मानत नाही

मला सगळ्यात गंमत वाटते ती इथे. पिपरी मेघेसह आसपासच्या गावांसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना आहे. म्हणजे पाणी आणताना आपल्याला कळलं की ही गावं एकत्र धरायला हवीत, एकेकट्या ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं हे काम नाही. पण तेच पाणी वापरून बाहेर पडलं की पुन्हा प्रत्येक गाव आपापलं. अमृत ही शहरांची योजना, ती नगरपरिषदेच्या हद्दीशी थांबते. गावांना स्वच्छ भारत ग्रामीण आणि जलजीवन मिशन. जलजीवनचं माप माणशी ५५ लिटर. पण तीन मजली फ्लॅट स्कीम, बोअर, टेरेसवर टाकी आणि वॉशिंग मशीन असलेलं घर ५५ लिटरवर चालत नाही, ते कागदावर गावात असलं तरी.

मग अशा घरांचं पाणी जातं कुठे? अंघोळीचं आणि भांड्याचं नालीत. संडासचं सेप्टिक टँकमध्ये. सेप्टिक टँक ही मुळात वाईट वस्तू नाही, नीट बांधली आणि दोन-तीन वर्षांनी उपसली तर काम करते. पण तिच्यातून बाहेर पडणारं पाणी जमिनीने प्यायला हवं, आणि आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगून बंद होते, शोषखड्डा भरतो आणि पाणी वर येतं. उन्हाळ्यात भेगा पडतात तेव्हा ते कुठल्या वाटेने खाली जातं ते दिसत नाही, आणि पंचवीस फुटांवर शेजाऱ्याची बोअर असते. आमच्या लेआउटमध्ये अशा किती जोड्या आहेत ते मी मोजायला गेलो. अकरावर थांबलो, कारण एका काकूंनी विचारलं, "काऊन रे बाबू, काय मोजून राहिला?"

वर्ध्यात हे सगळं आणखी टोचतं, कारण १९३०च्या दशकात गांधीजींचे सहकारी इथल्याच सिंदी गावात मैला उचलायला, रस्ते झाडायला जात. देशाला सफाईचे धडे देणाऱ्या तालुक्यातला गाडीवाला आज "लांब" एवढंच सांगू शकतो.

बांधलेलं रिकामं का राहतं?

कुणी म्हणेल, सगळ्यांना धरून एक भलं मोठं केंद्र बांधून टाका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२०-२१चे देशाचे आकडे बघा. शहरांत रोज ७२,३६८ एमएलडी सांडपाणी तयार होतं. बांधलेली क्षमता ३१,८४१ एमएलडी. प्रत्यक्षात प्रक्रिया होते २०,२३५ एमएलडीवर. पहिला फरक सगळ्यांना दिसतो: क्षमता निम्म्याहूनही कमी. दुसरा फरक जास्त बोचरा आहे: जे बांधलंय त्याचाही तिसरा हिस्सा वापरात नाही.

कारणं अनेक, पण एक अगदी घरगुती आहे. मुख्य वाहिनी सरकार टाकतं, तुमच्या संडासपासून तिथपर्यंतचा शेवटचा तुकडा मात्र कुणीतरी जोडावा लागतो. अंगणाची फरशी फोडा, प्लंबर बोलवा, उतार जमत नसेल तर जोतं उकरा. सेप्टिक टँक चालू असताना हा खर्च कोण करणार? फायबर गल्लीत आलं, पण घरात राउटरच नाही, अशी अवस्था. आणि साडेअकरा एमएलडीच्या केंद्रात समजा पाचव्या हिश्शाच्या घरांचंच पाणी आलं, तर सव्वादोन-अडीच एमएलडीवर ते केंद्र चालवायचं.

आजकालची बरीच केंद्रं एसबीआर पद्धतीची असतात. एका टाकीत पाणी भरायचं, हवा फुंकून जिवाणूंना घाण खाऊ द्यायची, मग शांत ठेवून गाळ बसवायचा आणि वरचं पाणी काढायचं. पाण्यातला ऑक्सिजन सेन्सर मोजतो, त्यावर हवेच्या ब्लोअरचा वेग कमी-जास्त होतो, सगळं स्क्रीनवर. तंत्र भारी आहे. पण जिवाणूंना खायला मिळालं नाही तर ते मरतात, त्याला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. पाणी कमी आलं तर चार टाक्यांपैकी एकच चालवता येते, म्हणूनच टप्प्याटप्प्याने बांधण्यात शहाणपण आहे. पावसाळ्यात उलटं होतं: लोक गच्चीचं पाणी सरळ चेंबरमध्ये सोडतात आणि केंद्राला पावसावरच प्रक्रिया करत बसावं लागतं.

हद्दीबाहेरच्या वस्तीसाठी गटाराचीच वाट बघायला पाहिजे असंही नाही. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर, दोन्ही नगरपरिषदांनी वेगळा रस्ता धरला. तिथे सेप्टिक टँक भरून वाहण्याची वाट न बघता ठरलेल्या वेळापत्रकाने, दर तीन वर्षांनी, प्रत्येक घराची टँक उपसतात. वेगळे पैसे गाडीवाल्याला द्यायचे नाहीत, ते करातून जातात. कुठली टँक कधी उपसली आणि गाडी कुठे रिकामी झाली, याची नोंद ॲपमध्ये होते आणि मैला ठरलेल्या प्रक्रिया केंद्रातच जातो. वाईच्या गाडीवाल्याला "लांब" म्हणायची सोयच नाही. मला वाटतं, वर्ध्याच्या भोवतीच्या गावांनी मिळून हे आधी करावं. गटाराला दहा वर्षं लागतील, याला त्यामानाने फार कमी. मात्र "मिळून" हा शब्द महत्त्वाचा. एका ग्रामपंचायतीला गाडी, केंद्र आणि ॲप परवडणार नाही. पाण्याची योजना जशी एकत्र झाली तशी हीही करावी लागेल. नगरपरिषदेच्या केंद्रात थोडी क्षमता या गाड्यांसाठी राखली तरी सुरुवात होते.

पैशाचा प्रश्न राहतो. नागपूरने त्याचं एक उत्तर दाखवलंय: भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी महाजनकोच्या कोराडी वीज केंद्राला जातं, १३० एमएलडी. वीज केंद्राचं तेवढं धरणाचं पाणी वाचतं आणि महापालिकेला पैसे मिळतात. वर्ध्याजवळ कोराडीएवढं मोठं गिऱ्हाईक लगेच मिळणार नाही, पण एमआयडीसी आहे, बांधकामं आहेत, शेतं आहेत. धामचं पाणी उन्हाळ्यात किती ताणून पुरवावं लागतं ते इथल्यांना माहीत आहे.

मग आत्ता हे का सांगतोय? कारण जनगणना. २०२१ची हुकली, आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस ठरलाय आणि त्याआधी २०२६ मध्ये घरयादी. या वेळी कागद नाही, प्रगणकाच्या हातात मोबाइल ॲप असेल, आणि हवं तर तुम्ही स्वतः ऑनलाइन माहिती भरू शकता. २०११च्या घरयादीत संडास कुठल्या प्रकारचं आहे आणि सांडपाणी बंद गटारात जातं, उघड्या नालीत जातं की कुठेच नाही, हे विचारलं होतं. आपण अजूनही त्या पंधरा वर्षांपूर्वीच्या उत्तरांवर शहर आखतोय. घरी प्रगणक आला की बहुतेक ठिकाणी आजोबा किंवा आई उत्तरं देतात आणि "हो, आहे ना संडास" एवढ्यावर विषय संपतो. फोन तुमच्या हातात असतो, तर या वेळी तुम्ही बसा. नाली उघडी असेल तर उघडीच सांगा. टँकला शोषखड्डा नसेल तर "गटाराला जोडलंय" असं सांगू नका. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, आणि त्या उत्तराशिवाय माझ्या शीटमधला दुसरा रकाना मनाच्याच आकड्यांवर चालत राहील.

ती शीट मी ठेवली आहे. २०११च्या खाली २०२७ची ओळ केली आहे, सिंदी मेघेपासून म्हसाळ्यापर्यंत सहा गावांची नावं टाकली आहेत, समोरचे रकाने रिकामे. बाबांना मी टँक उपसल्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून दिली आणि तीन वर्षांनंतरचं रिमाइंडर लावलं. त्यांनी विचारलं, "तोवर गटार नाही येणार का इकडे?" मी रिमाइंडर काढलं नाही.